रियोको तानी खरंच तेवढी मोठी होती का? थोडं सविस्तर सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ज्युदोत 44 किलो वजनगटात खेळते, उंची कमी आहे, आणि मोबाईलवर सतत जपानची ज्युदो खेळाडू रियोको तानी हिचे जुने व्हिडिओ बघत असते. कुणीतरी वडिलांना सांगितलं की ती तानी जपानमधल्या सिलेक्शनच्या स्पर्धेत हरायची तरी तिलाच पाठवायचे, नाव मोठं म्हणून, तेव्हा पोरीला तिच्या फार नादी लागू देऊ नका. आता वडील विचारतायत की नक्की खरं काय, आणि मुलीनं तिच्याकडून काय घ्यावं.

मी स्वतः खालच्या वजनात खेळलेय आणि आता मुलींना शिकवते, त्यामुळे या बाईबद्दल मला जरा जास्तच बोलायचं असतं, लांबलं तर चालवून घ्या.

आधी सरळ उत्तर. सिलेक्शनवाली गोष्ट खरी आहे. आणि ती 48 किलोतली आजवरची सगळ्यात मोठी खेळाडू आहे हेही खरं आहे. लोकांना वाटतं यातलं एकच काहीतरी खरं असणार, पण तसं नाहीये.

ती मूळची रियोको तामुरा, जन्म 1975 चा, फुकुओकाची. मोठ्या भावाच्या मागे मागे लहानपणीच मॅटवर गेली. उंची 146 सेंटीमीटर. हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. 1990 साली फुकुओकात महिलांची मोठी इंटरनॅशनल स्पर्धा झाली, त्यात ही 15 वर्षांची शाळकरी पोरगी उतरली आणि ब्रिटनच्या कॅरन ब्रिग्जला हरवून स्पर्धाच जिंकून गेली. ब्रिग्ज कोण, तर तोपर्यंत चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेली बाई. जपानमध्ये त्याच सुमारास ज्युदो खेळणाऱ्या एका मुलीची मांगा (जपानी कॉमिक) प्रचंड गाजत होती, तिच्या नायिकेवरून पेपरवाल्यांनी हिला 'यावारा-चान' करून टाकलं आणि ते नाव तिला आयुष्यभर चिकटलं. म्हणजे मीडियानं डोक्यावर घेतलं हा आरोप पहिल्या दिवसापासूनचा आहे, आणि त्यात तथ्यही आहे, पण मीडिया मॅटवर येऊन कुणाला पाडत नाही ना.

1991 ला बार्सिलोनात वर्ल्डला ब्राँझ. 1992 ला त्याच गावात ऑलिम्पिक, आणि महिला ज्युदोला पहिल्यांदाच अधिकृत मेडल होती, 1988 ला सोलमध्ये नुसतं प्रदर्शन झालं होतं. सेमीफायनलला परत ब्रिग्ज समोर. त्या मॅचमध्ये ब्रिग्जचा खांदा निखळला, तिनं तो बसवून घेतला आणि पुढे खेळली, तरी तामुरा जिंकली. फायनलला फ्रान्सची सेसिल नोवाक, आदल्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियन, वयानं आणि अनुभवानं मोठी. तिथं तामुरा हरली. 16 वर्षांची होती, सिल्व्हर मिळालं, कुणी काही फार मनावर घेतलं नाही, सगळ्यांनी धरून चाललं की आता अटलांटाला गोल्ड.

आणि मग चार वर्षं तिनं जे केलं ते बघून तसं वाटणं साहजिकच होतं. 1993 ला हॅमिल्टनला वर्ल्ड गोल्ड, 1995 ला चिबात घरच्या लोकांसमोर वर्ल्ड गोल्ड, आणि बार्सिलोनानंतर अटलांटाच्या फायनलपर्यंत सलग 84 मॅचेस जिंकलेल्या. 48 किलोत 84, हे समजून घ्या जरा. हेवीवेटमध्ये एखादा प्रचंड ताकदीचा माणूस वर्षानुवर्षं टिकू शकतो कारण त्याच्यासारखं शरीरच जगात मोजक्या लोकांकडे असतं. खाली तसं नसतं. 48 मध्ये सगळ्याच हलक्या, सगळ्याच फास्ट, एक पाय चुकीच्या जागी पडला की सेकंदात पाठ मॅटवर. तिथं चार वर्षं न हरणं म्हणजे पाय कधीच चुकीच्या जागी पडू न देणं.

1996 अटलांटा फायनल. समोर उत्तर कोरियाची के सुन-हुई, 16 वर्षांची, वाइल्डकार्डवर आलेली, बाहेरच्या जगानं तिला फारसं बघितलेलंच नाही. तामुरा हरली, पॉइंटवर. ही मॅच तुमच्या मुलीला आवर्जून दाखवा, मी माझ्या मुलींना जिंकलेल्या मॅचेसच्या आधी ही दाखवते. तामुराची सगळी गाडी तिच्या पहिल्या पकडीवर चालायची. उंची कमी असली की समोरची बाई वरून हात टाकून मानेमागची कॉलर किंवा पाठ धरते आणि तुम्हाला खाली दाबून ठेवते, मग तुम्ही कितीही फास्ट असा, आत शिरायला जागाच उरत नाही. त्यामुळे ती पहिली पकड मिळवायची आणि समोरचीची बसायच्या आत अटॅक करायची, पहिला फसला की लगेच दुसरा, कोउची-गारीनं (आतून पायाला पाय मारून) पाय मागे न्यायला लावायचा आणि ती मागे झुकून परत सावरताना सेओई-नागे. (म्हणजे पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकायचं, कुस्तीवाल्यांना सांगायचं तर धोबीपछाडच, फक्त ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा ड्रेस, धरून.) के सुन-हुईनं तिला तो रिदमच लागू दिला नाही, दबली नाही, नावाला घाबरून मागे मागे गेली नाही. इतर सगळ्या पोरी मॅटवर येतानाच अर्ध्या हरलेल्या असायच्या, ही नव्हती. आणि ती काही एका दिवसाची हिरो नव्हती बरं का, पुढे वरच्या वजनांत जाऊन तिनं चार वर्ल्ड गोल्ड घेतली, एक 52 ला आणि तीन 57 ला. तामुरा कुणाकडून हरली हे तेव्हा लोकांना कळलंच नव्हतं.

आता दोन ऑलिम्पिक, दोन सिल्व्हर. आपल्याकडे सिल्व्हर आलं तर विमानतळापासून मिरवणूक निघेल. जपानमध्ये ज्युदोत सिल्व्हर म्हणजे हरलात. आणि हिला तर पुढच्या संधीसाठी परत चार वर्षं थांबायचं होतं. 1997 पॅरिस वर्ल्ड गोल्ड, 1999 बर्मिंगहॅम वर्ल्ड गोल्ड, पण लोक विचारणार ऑलिम्पिकचं काय.

सिडनीच्या आधी तिनं जाहीर सांगून टाकलं की जास्तीत जास्त गोल्ड आणि कमीत कमी पण गोल्डच. मला विचाराल तर असलं बोलणं मी माझ्या कुठल्याही खेळाडूला करू देणार नाही, पण तिला बहुतेक तेच लागत होतं. फायनलला रशियाची ल्युबोव ब्रुलेतोवा, आणि मॅच मिनिटभरही चालली नाही. उची-माताने इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, मॅच तिथंच संपली. यात गंमत काय आहे ते सांगते. उची-माता म्हणजे आपला पाय समोरचीच्या दोन पायांच्या मधून वर उडवून फेकायचं, हा साधारण लांब पायांच्या खेळाडूंचा थ्रो मानतात. 146 सेंटीमीटरच्या बाईनं ऑलिम्पिक फायनलला, जिथं सगळं जग तिच्या सेओई-नागेची वाट बघतंय, तिथं उची-माता मारला. समोरची खांद्याच्या थ्रोसाठी तयार होती आणि हिनं दुसऱ्याच दारातून एन्ट्री घेतली. दोन फायनल हरल्यानंतर आठ वर्षांत तिनं काय वाढवलं ते त्या एका थ्रोत दिसतं.

त्यानंतर 2001 म्युनिक वर्ल्ड गोल्ड, 2003 ओसाका वर्ल्ड गोल्ड. म्हणजे 1993 ते 2003 झालेल्या सहाच्या सहा वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तीच. 2003 च्या शेवटी बेसबॉल खेळाडू योशितोमो तानीशी लग्न, नाव बदललं, आणि मग नवीन वाक्य आलं, तामुरा म्हणून गोल्ड आणि तानी म्हणूनही गोल्ड. 2004 अथेन्सच्या तोंडावर घोट्याला दुखापत झाली होती, तरी फायनलला फ्रान्सच्या फ्रेडरिक जोसिनेला हरवून दुसरं गोल्ड. ओसाकालाही फायनलला जोसिनेच होती, बिचारीच्या नशिबात दोन्ही वेळा हीच.

आता येते तुमच्या प्रश्नातली खरी भानगड.

जपानची सिस्टिम आधी समजून घ्या. एका वजनात एका देशाची एकच खेळाडू ऑलिम्पिकला जाते. जपानमध्ये त्या वजनात जगातल्या पहिल्या दहात बसतील अशा दोन-तीन पोरी नेहमी असतात, त्यामुळे ऑलिम्पिकपेक्षा घरातून बाहेर पडणं कठीण. त्यासाठी साधारण एप्रिलमध्ये वजनगटांची राष्ट्रीय सिलेक्शन स्पर्धा व्हायची. पण ती आपल्याला वाटते तशी 'जिंकला तो गेला' ट्रायल नव्हती. फेडरेशन ती स्पर्धा, आधीच्या स्पर्धा आणि परदेशातला रेकॉर्ड सगळं मिळून बघायचं आणि मग ठरवायचं.

2002 साली त्या स्पर्धेत तोमोको फुकुमी नावाच्या 16 वर्षांच्या शाळकरी मुलीनं तामुराला हरवलं. तामुराचे तेव्हा सलग 65 विजय झाले होते, ती साखळी तिथं तुटली. वय लक्षात घ्या, ब्रिग्जला हरवताना तामुरा 15 ची, तामुराला हरवताना के 16 ची आणि फुकुमी पण 16 ची. या वजनात असंच चालतं, वरच्या बाईला दडपण न घेणारी शाळकरी पोरगीच खाली ओढते.

मग 2005 च्या डिसेंबरच्या अगदी शेवटच्या दिवशी तानीला मुलगा झाला. ती बाहेर. 2007 च्या एप्रिलमध्ये परत आली, सिलेक्शन स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचली, आणि समोर परत फुकुमी, आणि फुकुमी परत जिंकली. आता तुम्ही सांगा, वर्ल्डला कोण जायला पाहिजे? फेडरेशननं तानीला पाठवलं. परदेशी खेळाडूंसमोरचा अनुभव, रेकॉर्ड वगैरे कारणं दिली. भरपूर ओरडा झाला. आणि तानीनं रिओला जाऊन क्यूबाच्या यानेत बर्मोयला फायनलला हरवलं आणि सातवं वर्ल्ड गोल्ड घेऊन आली, बाळंतपणानंतर, वयाच्या 32 व्या वर्षी. ओरडणारे गप्प.

2008 ला तेच परत. सिलेक्शनच्या फायनलला यावेळी एमी यामागिशीकडून हरली, आणि तरी बीजिंगचं तिकीट तानीलाच. यावेळचं वाक्य होतं, आई झाले तरी गोल्ड. सेमीफायनलला रोमानियाची अलिना दुमित्रू. ती मॅच बघायला वैताग येतो खरं सांगायचं तर, दोघी ग्रिपसाठी झगडतायत, कुणी धड अटॅक करत नाहीये, रेफ्री शिदो (पेनल्टी) देतोय, आणि शेवटच्या टप्प्यात निष्क्रियतेचा एक शिदो तानीला जास्त मिळाला आणि त्याच्यावर मॅच गेली. ब्राँझच्या मॅचला तिनं रशियाच्या ल्युडमिला बोगदानोवाला इप्पोननं फेकलं, म्हणजे हातात ज्युदो होता अजून. पण जी पोरगी पकड मिळाल्या मिळाल्या अटॅक करायची तीच शेवटी अटॅक न केल्याच्या शिदोवर हरली. मला तिच्या पूर्ण करिअरमधलं सगळ्यात जास्त लागतं ते हेच. पाय तेवढे फास्ट राहिले नव्हते, काउंटर बसेल याची धास्ती आली होती, आणि धास्ती आली की हात ग्रिपवरच अडकून पडतात.

माझं मत विचारलंत म्हणून देते. 2007 चं सिलेक्शन रिझल्टनं बरोबर ठरवलं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही पूर्ण, कारण फुकुमीला पाठवलं असतं तर ती जिंकली नसती हे कुणी कशावरून सांगणार. 2008 चं तर सरळ चुकलं असं मी म्हणेन. दोन वर्षं लागोपाठ दोन वेगवेगळ्या मुलींनी हरवल्यावर सुद्धा नाव तेच राहणार असेल तर स्पर्धा कशाला घेता? आपल्याकडे कुस्तीत 2016 ला रिओ ऑलिम्पिकच्या आधी नरसिंग यादव आणि सुशील कुमारचं झालं होतं ते आठवत असेल. तिथं उलटं होतं, कोटा, म्हणजे ऑलिम्पिकची जागा, आपल्या तीन वेळच्या महाराष्ट्र केसरीनं, नरसिंगनं, मिळवला होता आणि मोठं नाव, म्हणजे सुशील, ट्रायल घ्या म्हणून दिल्ली हायकोर्टात गेलं, कोर्टानं नाही म्हटलं. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच, नियम आधी लिहून ठेवलेला आणि सगळ्यांना माहीत असलेला पाहिजे, नाहीतर हरलेला खेळाडू घरी बसून आयुष्यभर तेच चघळत राहतो.

पण यात तानीचा दोष किती? तिनं स्वतःला सिलेक्ट केलं नाही. आणि कुणी म्हणत असेल की तिच्यामुळे फुकुमीचं नुकसान झालं, तर पुढचं पण ऐका. फुकुमी 2009 ला रॉटरडॅमला वर्ल्ड चॅम्पियन झाली, म्हणजे पोरगी काय लेव्हलची होती ते कळलं. 2012 लंडनला शेवटी तिला ऑलिम्पिक मिळालं, सेमीफायनलला समोर आली तीच अलिना दुमित्रू, आणि फुकुमीही हरली. मग ब्राँझच्या मॅचला हंगेरीची एवा चेर्नोविच्की, तिथंही हरली, पाचवी. (टोकियोला आपली मणिपूरची सुशीला लिकमाबाम पहिल्याच राउंडला हरली ती या चेर्नोविच्कीकडूनच, 48 किलोचं जग एवढंसंच आहे.) मग 2016 ला जपानला ब्राँझ, टोकियोला घरच्या मैदानावर सिल्व्हर, आणि 48 किलोचं पुढचं ऑलिम्पिक गोल्ड मिळालं थेट 2024 ला पॅरिसमध्ये, नात्सुमी त्सुनोदाला. अथेन्सनंतर वीस वर्षं. त्या वीस वर्षांत जपानकडे या वजनात वर्ल्ड चॅम्पियन किती झाल्या, हारुना आसामी झाली, फुना तोनाकी झाली, तरी ऑलिम्पिकचं गोल्ड येईना. तानीला मीडियानं मोठं केलं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

पाच ऑलिम्पिक, पाचही वेळा मेडल, सिल्व्हर सिल्व्हर गोल्ड गोल्ड ब्राँझ. तिच्या आधी ज्युदोत पाच ऑलिम्पिक मेडल कुणाकडेच नव्हती. नंतर टेडी रिनेर पुढे गेला, पण टीम इव्हेंट सोडून वैयक्तिक मोजलीत तर त्याचीही पाचच, आणि तो दोन मीटर उंचीचा हेवीवेट. 2010 ला ती राजकारणात गेली, जपानच्या वरच्या सभागृहात निवडून आली, खासदारकी करत लंडन खेळणार म्हणाली, लोकांनी त्यावरही टीका केली, आणि त्याच वर्षी तिनं खेळ सोडला. त्या भागात मला फार रस नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल.

व्हिडिओ बघू द्या, पण हायलाइट नकोत, पूर्ण मॅचेस. हायलाइटमध्ये फक्त शेवटचा थ्रो दिसतो, त्याच्या आधीच्या तीस सेकंदांत तिनं दोन वेळा ग्रिप तोडली आणि एकदा खोटी कोउची दाखवली ते कापलेलं असतं, आणि नेमकं तेच शिकायचं असतं. मुलीला सांगा की पहिल्यांदा बघताना फक्त हात बघ, दुसऱ्यांदा फक्त पाय. तानी आत वळताना गुडघे किती वाकवते आणि तिची कंबर समोरचीच्या बेल्टच्या किती खाली जाते ते बघितलं की कळेल कमी उंचीचा फायदा कुठे असतो. बुटक्या मुलींना आपल्याकडे सगळे सांगतात की तू खाली आहेस, सेओई मार. बरोबर आहे, पण कंबर वरच ठेवून नुसती पाठ फिरवली तर उंच मुलगी वरून पाठीवर बसते आणि मागून गळा आवळते. ही चूक मी दर जिल्हा स्पर्धेत बघते.

दुसरं, जुन्या व्हिडिओतले नियम वेगळे आहेत. तेव्हा कोका नावाचा छोटा पॉइंट होता, तो 2009 पासून गेला. तेव्हा पायाला हात घालून पाडता यायचं, 2010 पासून ते बंद होत गेलं. त्यामुळे एखाद्या मॅचमध्ये कुणी पाय धरताना दिसलं आणि मुलीनं ते रांदोरीत (सरावाच्या मोकळ्या लढतीत) करून बघितलं तर तिथं कोचनं ओरडायला हवं, नाहीतर स्पर्धेत पेनल्टी खाऊन येईल. ग्रिपचे नियमही मधल्या काळात बदलत गेलेत, तेव्हा बीजिंगची सेमीफायनल तिला टॅक्टिक्स म्हणून नका दाखवू.

तिसरं, तिला एकच खेळाडू बघू देऊ नका. तानी बघून झाली की त्सुनोदाच्या पॅरिसच्या मॅचेस लावा. तोमोए-नागे (स्वतः पाठीवर पडत समोरचीला पायानं वरून फेकायचं) आणि तिथून थेट आर्मलॉक, जवळपास सगळा खेळ त्याच्यावर, तानीपेक्षा एकदम वेगळा. एकाच वजनात दोन जपानी गोल्ड आणि दोघींची पद्धत इतकी लांबची, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. आणि फुकुमीची 2009 ची रॉटरडॅमची फायनल मिळाली तर तीही.

आणि वजन. 44 मध्ये आहे आणि वाढीचं वय आहे, तर कुणी '44 मध्येच ठेवा, मेडल सोपं आहे' म्हणालं तर ऐकू नका. पाणी तोडून, जेवण तोडून वजन करणारी मुलगी पहिल्या मॅचला ग्रिप धरते आणि तिसऱ्या मॅचला तिची बोटं उघडतात, ही मी खूप बघितलीत. अंग 48 चं होत असेल तर 48 खेळू द्या, पहिलं वर्ष हरेल, हरू दे. उचिकोमी (थ्रोच्या एन्ट्रीचा परत परत सराव) रोज, पण दोन्ही बाजूंनी, आणि आठवड्यातून एकदा तरी तिच्यापेक्षा उंच मुलीबरोबर फक्त ग्रिपची रांदोरी, थ्रो न मारता, पाच पाच मिनिटांची. कोच नाही म्हणाले तर कारण विचारा.